बेबीबाईच्या शेजारचं रीतसर पाळणाघर

२४ जून २०२५, मंगळवार. सकाळी ९.४०

शेजारच्या बेबीबाई राठोडांच्या फाटकासमोर आज तीन ऑटो, चार मोटरसायकली, एक सायकल. उतरलेली मुलं अकरा. मी मुद्दाम मोजली नाहीत. पेपर वाचताना दिसतात. पेपर वाचायची खुर्ची मी कालपासून गच्चीवर नेली आहे, कारण तिथं हवा चांगली असते.

नावातच बेबी. जाहिरातीचा खर्च वाचला. बाई पूर्वी पोहरादेवीकडे एका अंगणवाडीत मदतनीस होती. नवरा गेल्यावर मुलगा राजपाल आणि सून निता यांच्याकडे इथं कॉलनीत राहायला आली, आणि वर्षभरात घराचं पाळणाघर झालं. बोर्ड नाही, गणवेश नाही, वेळापत्रक नाही. राहती वस्ती आहे ही. उद्या कोणी पिठाची गिरणी टाकेल.

मी एकतीस वर्षं शाळेत मुख्य लिपिक होतो. हजारो मुलांचे दाखले या हातानं लिहिले. मुलं म्हणजे काय हे मला कोणी सांगू नये.

अकरावा मुलगा सार्थक. वय साडेतीन. माझा सख्खा नातू. लेक शुभांगी केनवडला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. कालपासून शाळा सुरू झाल्या. कालपासून ती सार्थकला बेबीबाईकडे सोडते. आमच्या फाटकावरून. गाडीचा वेग कमी न करता.

याबद्दल माझ्या मनात काही नाही. नोंद करून ठेवतो इतकंच.

२४ जून, दुपारी ४

संकल्प. आपलं स्वतःचं पाळणाघर काढायचं. रीतसर परवानगी घेऊन. नाव: बालविकास संगोपन केंद्र. क्षमता पंचवीस. ही स्पर्धा नव्हे. समाजकार्य.

सौ.ला सांगितलं. गिरजा म्हणाली, "तुमी?" पुढं काही बोलली नाही. भारावली असावी.

२६ जून, गुरुवार

नगरपरिषदेत जाऊन आलो. बांधकाम परवानग्यांच्या टेबलावर नवीन नावाचा तरुण इंजिनियर आहे. आमच्याच शाळेचा. याचा दाखला मी लिहिला होता, जन्मतारीख अक्षरी. तो म्हणाला, राहत्या भागात घरातल्या घरात पाळणाघर चालवता येतं, पण वापराची परवानगी लागते. मंजूर नकाशा, मालकीचा उतारा, समोरचा रस्ता किती रुंद, गाड्या कुठं थांबणार, पोरांना खेळायला मोकळी जागा किती. शिवाय दोन्ही बाजूच्या शेजाऱ्यांचं ना-हरकत.

मी म्हटलं, एकतीस वर्षं फायली सांभाळणाऱ्याला कागदाची भीती नसते. तो हसला. "काका, मनूनच समदं एकदम सांगून राह्यलो."

जाता जाता सहज विचारलं, अशी परवानगी सगळेच घेतात का. त्यानं विचारलं, "कोनाचं म्हनता?" मी म्हटलं, एकूणच.

२७ जून

उजवीकडच्या मनकर्णाबाईंना ऐकू कमी येतं. त्यांना वाटलं मी निवडणुकीला उभा राहतोय. सही केली आणि यशस्वी व्हा म्हणाल्या. मी खुलासा केला नाही.

डावीकडे बेबीबाई. ज्यांच्यावर वचक बसवायचा त्यांचंच ना-हरकत! हा नियम करणाऱ्यानं कधी शेजार पाहिलेला नसावा. चार दिवस थांबू. आपणहून येतील.

१ जुलै, मंगळवार

आल्या नाहीत. मी गेलो.

आत सतरंज्या अंथरलेल्या. कडीला साडीची झोळी, तीत एक बाळ. दोरीवर वीतभर लांबीच्या चड्ड्या. बेबीबाईच्या कडेवर एक पोर, एक गुडघ्याला लटकलेलं, आणि तोंडानं ती तिसऱ्याला सांगत होती की ती बाटली ओमची आहे, तुझी निळ्या झाकणाची. वहीत बघून नाही. पाठ. मी शाळेत पटावरच्या मुलांचे नंबर पाठ ठेवत असे. चेहऱ्यांचं तेव्हा काम पडलं नाही.

सार्थक वरणभात खात होता. मला पाहून बेबीबाईच्या पदरामागं गेला. लाजाळू आहे.

मी कागद पुढं केला. वाटलं होतं तोंड उतरेल. निदान किंचित. ती म्हणाली, "बरं झालं ना भाऊ! रोज दोघा-तिघायले मी वापस पाठवून राह्यली, जागाच नाही पुरत. आता तुमच्याकडे धाडीन." आणि सही केली. पेनसुद्धा तिचंच.

म्हणजे माझ्या केंद्राला हिची उरलेली मुलं! मी हसून ऐकून घेतलं. चहाही घेतला. बरा होता. साखर जास्त.

४ जुलै

वेळापत्रक तयार. ८.०० प्रार्थना. ८.१० पाढे. ९.०० शुद्धलेखन (ज्यांना पेन्सिल धरता येते). १०.०० ते १०.१२ रडणे. १०.१२ मौन. १०.३० डबा.

बेबीबाईकडे मुलं वाटेल तेव्हा रडतात. हा फरक पालकांच्या लक्षात येईलच.

गिरजानं वाचलं आणि म्हणाली, "यात मुताले कवा जायचं?" सुधारणा केली. १०.१२ ते १०.१५, रांगेत.

९ जुलै

आज तिच्याकडे तेरा.

११ जुलै, शुक्रवार

बराच विचार करून नगरपरिषदेला एक अर्ज दिला. विषय: निवासी क्षेत्रात विनापरवाना पाळणाघर चालविण्यात येत असल्याबाबत. खाली 'एक जागरूक नागरिक'. अक्षर ओळखू नये म्हणून डाव्या हातानं लिहिला. यात आकस नाही. मी रांगेत उभा आहे आणि दुसरा खिडकीतून तिकीट काढतोय, एवढाच मुद्दा. माणूस कोण आहे, चौदावं मूल कधी येणार आहे, याच्याशी मला कर्तव्य नाही.

(चौदावं सोमवारी येणार आहे. गिरजाला विचारलं.)

१६ जुलै, बुधवार. दुपारी १

टेप घेऊन नगरपरिषदेचा नवीन आला. आधी बेबीबाईकडे गेला. मी गच्चीवरून पाहत होतो. दहा मिनिटांत बाहेर. मग माझ्याकडे.

म्हणाला, "काका, एक निनावी अर्ज आला. विषय, संदर्भ, मुद्दे क्रमवार, वर जावक क्रमांक एक, खाली 'प्रत माहितीस्तव'. आपल्या गावात असा मसुदा करनारा एकच मानूस हाय."

जावक क्रमांक सवयीनं पडला.

बेबीबाईची परवानगी आहे. मे महिन्यातच मिळाली. सून निता दवाखान्यात नर्स आहे, तिनं मार्चमध्ये सगळे कागद भरले होते. मंजुरीचं पत्र दाराच्या आतल्या बाजूला लावलेलं आहे. मी त्या दिवशी दाराकडे पाठ करून बसलो होतो.

आणि त्या फायलीत शेजाऱ्याचं ना-हरकत आहे. मारोतराव संपतराव इंगोले. सही माझी.

गिरजा म्हणाली, निता कागद घेऊन आली तेव्हा तुमी मॅच पाहात होते, मी पेन देला. मी नवीनला स्पष्ट सांगितलं, मी न वाचता सही करत नाही. आपण सही करतोय हे मला पूर्ण माहीत होतं. कशावर, तेवढं सुटलं.

दुपारी ३

आलाच आहे म्हणून नवीननं माझंही घर मोजलं. घराच्या बाजूला चौदा वर्षांपूर्वी मी टिनाची खोली काढली होती. ती मंजूर नकाशात नाही. ती जागा मोकळी हवी. खोली निघेपर्यंत माझी फाइल पुढं जाणार नाही.

म्हणजे माझ्या अर्जामुळं गावातलं एकच बेकायदा बांधकाम सापडलं. नागरिकांनी जागरूक असावं ते यासाठीच.

२५ जुलै, शुक्रवार

खोली पाडली. तीत गिरजाचं शिलाई मशीन होतं. मी म्हटलं, पलंगाखाली ठेवू. ती म्हणाली, "ते मशीन हाय, पेटी नोहे." केंद्राच्या हॉलमध्ये ठेवता येणार नाही, तिथं पंचवीस मुलं बसायची आहेत.

संध्याकाळी राजपाल आला आणि दोघांनी मशीन उचलून त्यांच्या व्हरांड्यात नेलं. बेबीबाईनं खिडकीजवळ जागा करून दिली. तात्पुरतं.

२ ऑगस्ट, शनिवार

गिरजा सकाळी दहाला जाते, पाचला येते. मशीन आहे तिथं जावंच लागतं, असं म्हणते. नातूही तिथंच आहे, हे म्हणत नाही. लाळेरी शिवते, दुपटी शिवते. माझा चहा थर्मासमध्ये.

आज भिंतीपलीकडून कोणीतरी गुणगुणत होतं. बेबीबाई असावी म्हणून मी गच्चीवर गेलो. गिरजा होती. चौतीस वर्षांत हिला गुणगुणताना मी ऐकलेलं नाही. आवाज बरा आहे. बेबीबाईला याचं काही विशेष वाटत नव्हतं. म्हणजे रोजचंच असणार.

२३ ऑगस्ट, शनिवार. तान्हा पोळा

बेबीबाईनं मुलांकडून मातीचे बैल करून घेतले होते. काहींना पाय तीन. चौदा मुलं, चौदा बैल, कॉलनीतून मिरवणूक. लोक दारात उभे राहून खाऊ देत होते. मनकर्णाबाईंनी ओवाळलं.

मी बाजारातून चाकांचा मोठा लाकडी बैल आणून ठेवला होता. शिंगांना बेगड. सार्थकसाठी. फाटकात घेऊन उभा राहिलो. सार्थक जवळ आला आणि रांगेच्या पलीकडच्या बाजूला सरकला. बेबीबाई म्हणाली, "आबाले बैल दाखव ना राजा." त्यानं हात लांब करून दाखवला. दुरून. पण दाखवला.

तो तिच्या एका शब्दावर ऐकतो. मला ते आवडलं नाही असं नाही. शिस्त कोणाचीही असो.

चाकांचा बैल केंद्राच्या शैक्षणिक साहित्यात जमा केला.

१ सप्टेंबर, सोमवार

मंजूर! परवानगीचं पत्र हातात. घरी येईपर्यंत सहा वेळा वाचलं. लॅमिनेट केलं. हॉलमध्ये दर्शनी भागात लावलं, कोणी दाराकडे पाठ करून बसलं तरी दिसेल असं. छोट्या खुर्च्या पंचवीस आल्या. सगळ्या लाल.

उद्घाटन पुढच्या सोमवारी. गिरजा म्हणाली, पितृपक्षात कोणी काही सुरू करते का? मी म्हटलं, शिक्षणाला मुहूर्त नसतो.

८ सप्टेंबर, सोमवार

उपस्थिती: शून्य. पितृपक्ष. मी गिरजाला आधीच बोललो होतो.

बेबीबाईकडे पंधरा. पितृपक्ष फक्त भिंतीच्या या बाजूला लागलेला दिसतो.

९ सप्टेंबर

शून्य. प्रार्थना घेतली.

१० सप्टेंबर

शून्य. पाढे एकटा म्हणत होतो, गॅसवाला दारात थांबून ऐकत होता. म्हणाला, "तब्येत बरी हाय ना?"

११ सप्टेंबर, गुरुवार

एक!

तनुजा. वय तीन. बाप सोमला आणि त्याची बायको गावाबाहेर ओढ्याकाठी वांगी-मेथी लावतात आणि सकाळी बाजारात बसतात. बेबीबाईनं पाठवली. मी कोणी पाठवली याकडे पाहत नाही.

नाव विचारलं, बोलली नाही. वय विचारलं, बोलली नाही. पाढे लक्ष देऊन ऐकले. सतराच्या पाढ्याला झोपली. सतराला बऱ्याच जणांना येते.

झोपेत तिनं माझं बोट धरलं होतं. दीड तास. त्यामुळं शुद्धलेखन झालं नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

तनुजानं खुर्च्या ओढून दोनदोनच्या रांगा केल्या. एस.टी. झाली. ड्रायव्हर ती. मी कंडक्टर. मेडशीपर्यंत दोन फेऱ्या झाल्या. मधेच तिनं गाडी थांबवली, म्हैस आडवी आली म्हणाली. मला उतरून म्हैस हाकावी लागली.

ती हसली. मोठ्यांदा. बेबीबाईच्या व्हरांड्यात ऐकू गेलं असेल. जावं अशीच माझी इच्छा होती.

मात्र हे वेळापत्रकात कुठंच बसत नाही. सोमवारपासून बंद.

१५ सप्टेंबर, सोमवार. सायं. ६

आज जे झालं ते क्रमवार लिहितो.

खुर्च्या मी रविवारीच भिंतीला लावून ठेवल्या होत्या. तनुजा आली ती सरळ एस.टी. करायला लागली. मी सांगितलं, आधी प्रार्थना. तिनं ऐकलं नाही. भिंतीपलीकडे टाळ्या वाजत होत्या, गाणं चाललं होतं, पंधरा पोरं एका सुरात. आणि माझ्याकडे एक, तीही ऐकेना. माझा आवाज थोडा मोठा झाला. सूचनेपुरता.

तिची चड्डी ओली झाली. ती रडली नाही. खाली पाहत नुसती उभी राहिली. १०.१२ व्हायला अजून दोन तास होते.

गिरजा स्वयंपाकघरातून धावत आली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पोरीला उचलून पलीकडे घेऊन गेली. सार्थकला दुपारी ताप भरला म्हणून शुभांगी शाळेतून लवकर आली होती. तिच्या कानावर सगळं गेलं.

पाचला सोमला आला. चपला बाहेर काढून. मेथीची जुडी दिली आणि म्हणाला, "साहेब, राग मानू नका. पोरगी तिकडंच राहू द्या."

मी म्हटलं, राग कशाचा. मेथी चांगली आहे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

शुभांगी आली. जून महिन्यापासून पहिल्यांदा बसली. त्या पंचवीसपैकी एका खुर्चीवर, गुडघे पोटाशी घेऊन. मी विचारलं, सार्थकचा ताप कसा आहे. उतरला म्हणाली. मग विचारायचं ते विचारलंच. आमच्या फाटकावरून गाडी नेतेस, थांबत का नाहीस?

म्हणाली, "बाबा, तो तुमाले भेते."

मी म्हटलं, मी त्याला कधी हात लावलेला नाही.

ती म्हणाली, "मलेही कधी नाही लावला. पन तुमच्या स्कूटरचा आवाज आला का मी पुस्तक उघडून बसत होती. कोनतंही. एकदा उलटं धरलं होतं, तुमच्या ध्यानातही नाही आलं."

मी म्हटलं, म्हणून तर शिक्षिका झालीस.

तिनं पर्स उचलली. दारात थांबून म्हणाली, "बेबीमावशीकडे तो बाटली सांडली तरी हसते, बाबा. तुमच्यापुढं श्वास धरून बसते." आणि गेली.

उत्तराचा मसुदा तीनदा केला. तिन्हीत 'वास्तविक पाहता' या शब्दांनी सुरुवात होती. तिन्ही फाडले.

१७ सप्टेंबर

आज गच्चीवर गेलो नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

नगरपरिषदेत विचारलं, मिळालेली परवानगी परत करायचा नमुना कोणता. नवीन म्हणाला, "तसा नमुना नसते काका. आतापर्यंत कोनी मांगितलाच नाही." त्यानं चहा मागवला. मी बिस्किटही खाल्लं.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

खुर्च्या बेबीबाईकडे दिल्या. वापरण्यापुरत्या. सोबत प्रस्ताव ठेवला की अनुभवी व्यवस्थापक म्हणून मी रोज काही तास देऊ शकेन.

ती हसली असती तर बरं झालं असतं. हसली नाही. तिनं पोरीची वेणी घालणं थांबवलं आणि नीट विचार करून म्हणाली, "भाऊ, लेकरं मायबापानं माह्या भरवशावर ठेवले. त्यायले इचारल्याबिगर कोनाले बसवत नाही मी. पयले शुभांगीले इचारतो."

माझ्या लेकीला. माझ्यासाठी.

खरं सांगायचं तर शाळेत मी अशीच वागणारी माणसं शोधत होतो. मिळाली नाहीत. हे तिच्याबद्दल कोणी लिहून ठेवायला हवं म्हणून लिहिलं. मत्सर मत्सराच्या जागी.

२३ सप्टेंबर

शुभांगीच्या अटी गिरजाकडून कळल्या. वेळ ४ ते ४.३०. जागा बाहेरची पायरी. पाढे नाहीत. आवाज नाही. आणि सार्थक हो म्हणाला तरच.

एवढ्या अटी नगरपरिषदेनं घातल्या नव्हत्या.

२४ सप्टेंबर

सार्थकला विचारण्यात आलं. "नाई."

२५ सप्टेंबर

"नाई." पण आज बेबीबाईच्या पदरामागून नाही, पुढं येऊन म्हणाला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

"उद्या." उद्या शनिवार, पोळा सोडला तर शनिवारी शुभांगी सार्थकला घरीच ठेवते. त्याला ते माहीत नसावं. असावंही.

२९ सप्टेंबर, सोमवार. सायं. ५.१०

चारला जाऊन पायरीवर बसलो. आत गोंधळ चालला होता. काही सुचवलं नाही. साडेचार झाले. वेळ संपली म्हणून उठत होतो, तेवढ्यात सार्थक बाहेर आला. हो म्हणाला नाही. बूट माझ्या मांडीवर टाकले आणि शेजारी बसून पाय पुढं केला.

बेबीबाई दारात आली होती. तिनं पाहिलं आणि आत गेली. मी असतो तर थांबून चुका काढल्या असत्या.

लहान मुलाला बूट घालायचा प्रसंग माझ्यावर आधी आलेला नाही. शुभांगीच्या वेळी गिरजा होती. पाय आत जाईना. बोटं मुडपतात, हे मला माहीत नव्हतं. सार्थक श्वास धरून बसला होता, तो मला ऐकू येत होता, म्हणजे येत नव्हता. दोन्ही बूट चढायला नऊ मिनिटं लागली. पट्ट्याही चिकटवल्या.

त्यानं पायांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. डावा उजव्यात होता. म्हणाला, "आबा, तुले येत नाही."

वास्तविक पाहता बुटांवर खूण असायला हवी होती. हे ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "नाही बाबू. मले येत नाही."

तेव्हा त्यानं श्वास सोडला. दोन्ही बूट काढले, बसकण मारली आणि मला दाखवायला सुरुवात केली. हळू, थांबून थांबून, बेबीबाई दाखवते तसं. हा या पायाचा. हा या पायाचा.

मला अजून नीट कळलेलं नाही. उद्या पुन्हा विचारीन.